विश्वाच्या वतीने हाजी अब्दुलबारी

एकोणीस वर्षं मी एका खड्ड्यात बसून नोकरी केली. ही तक्रार नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक चौकोनी भोक असतं, त्यावर शिंपल्यासारखं झाकण असतं आणि त्या झाकणाखाली एक माणूस वही घेऊन बसतो. नट वाक्य विसरला की तो खालून हळूच पुरवतो. कफ्र सुन्बुलच्या नाट्यगृहात तो माणूस म्हणजे मी, बसयूनी. गावात मला चेहऱ्याने फार थोडे लोक ओळखतात. कुजबुजलो की मात्र सगळे ओळखतात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कैरोहून कागद आला. जी नाट्यगृहं 'आधुनिक आणि जागतिक दर्जाचं' काम करतात ती राहतील, बाकीची स्थानिक गरजेप्रमाणे वापरावीत. आमची स्थानिक गरज म्हणजे कांदा. कागद सकाळी आला आणि दुपारी कांदा संघाचे अध्यक्ष हाजी अब्दुलबारी मोजपट्टी घेऊन हजर झाले. त्यांनी प्रेक्षागृह मोजलं, रंगमंच मोजला आणि शेवटी माझ्या खड्ड्यात वाकून बघितलं.

"यात काय मावतं?"

"मी मावतो, हाजी."

"म्हणजे चार पोती," त्यांनी नोंद केली. "हवाही खेळती आहे. छान."

मला दुसरं काही येत नाही. दुकानात मोठ्याने बोलावं लागतं, शेतात वाकावं लागतं. कुजबुजण्याचा पगार देणारी जागा त्या अख्ख्या मुलखात एकच होती, आणि तिच्यात चार पोती मावत होती. त्यामुळे रऊफ पॅरिसहून परत आला तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर मला.

गेला तेव्हा तो रऊफ होता, आला तेव्हा उस्ताद रऊफ. अंगात गळ्यापर्यंतचा काळा स्वेटर. बाहेर वाळवंटाचा गरम वारा सुटलेला, कुत्री गाढवांच्या सावलीत झोपलेली, आणि हा स्वेटरात. तोंडात पाइप, पण रिकामा. पाइपची तंबाखू बोटीवरच संपली होती आणि आमच्याकडची तंबाखू हुक्क्याची. तिने पाइप पेटत नाही, फक्त रडतो.

"कैरोची कमिटी नाटक बघायला तीन आठवड्यांनी येतेय," रऊफ म्हणाला. "कंजूष बाप आणि चुकीच्या घरी गेलेली चिठ्ठी, हे आता बंद."

ती सगळी विनोदी नाटकंसुद्धा मुळात फ्रेंचच होती म्हणतात. पण आमच्या आजोबांच्या काळापासून ती गावच्या पातेल्यात इतकी शिजली होती की त्यांना फूल नावाच्या आमच्या कडधान्याच्या घुगऱ्यांचा वास यायला लागला होता. कंजूष बाप आमच्या गल्लीतलाच वाटायचा. गल्लीतल्या एकाला तर तो आपल्यावरच बेतलाय असं वाटायचं, आणि तो दर प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून भांडायचा.

रऊफच्या नव्या नाटकाचं नाव 'निरुत्तर'. त्यात दोन पात्रं. एक माणूस, ते काम मुतवल्लीला. मुतवल्ली दिवसा न्हावी, त्यामुळे गावातला प्रत्येक गाल त्याच्या ओळखीचा. दुसरं पात्र शून्यता. ते काम रऊफच्या सख्ख्या मावशीला, तहिय्याखालाला. ती चाळीस वर्षं लग्नांतून गाणी म्हणते, आणि भाच्याच्या नाटकात तिला काम नाही असं झालं असतं तर रऊफला जेवायला दुसरं घर शोधावं लागलं असतं.

"माणूस विश्वाला हाक मारतो," रऊफने समजावलं. "विश्व गप्प राहतं. हाच माणसाच्या असण्याचा अर्थ. म्हणजे, अर्थ नाही हाच."

"त्यांचं भांडण झालंय का?" मुतवल्लीने विचारलं.

"कुणाचं?"

"याचं आणि विश्वाचं. उगाच कुणी गप्प राहत नाही."

"भांडण नाही. विश्वाला पडलेलीच नाही."

"माझा मेहुणा असाच आहे," मुतवल्ली म्हणाला. "कळलं आता."

मग रऊफ मावशीकडे वळला. "खाला, तू काळी चादर पांघरून खुर्चीत बसायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"किती वेळ?"

"दीड तास."

"बाळा, तुझ्या आईच्या बाळंतपणात मी एवढा वेळ गप्प बसले नव्हते. आणि बाळंत ती होत होती."

पॅरिसमध्ये लिहिलेल्या वहीत माणूस चार वेळा ओरडायचा, 'कोणी आहे का?' रऊफला ते खटकत होतं. हाक आपल्या मातीतली पाहिजे, कानाला ओळखीची पाहिजे, म्हणजे तिचं वाया जाणं जास्त लागेल. आणि मी, ज्याने एकोणीस वर्षांत स्वतःचं एक वाक्य उच्चारलं नव्हतं, खड्ड्यातून म्हणालो, "सलाम करू दे ना त्याला. रिकाम्या घरात शिरतानाही माणूस सलाम करतोच."

रऊफच्या हातातला पाइप थांबला. "बसयूनी," तो म्हणाला, "तू तत्त्वज्ञ आहेस."

म्हणजे पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

तालमी झक्क झाल्या. मुतवल्ली रिकाम्या रंगमंचावर यायचा, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणायचा, "अस्सलामु अलैकुम." मग सात मोजेपर्यंत शांतता. मग, "कोणी उत्तर देत नाही." अडचण एवढीच की मुतवल्ली न्हावी. सात मोजेपर्यंत गप्प राहणं त्याच्या धंद्यात बसत नाही, दोनवर तो कांद्याच्या भावावर यायचा. म्हणून मी झाकणाखालून बोटं वर करायचो. एक, दोन, तीन. एकोणीस वर्षं शब्द पुरवले, आता शांतता पुरवायला लागलो.

पहिल्याच तालमीला रऊफ ओरडला, "कोण बोललं?"

"मी, उस्ताद. सलाम आला. घ्यावा तर लागतो."

"तू विश्व नाहीस, बसयूनी."

"नाही, पण मुसलमान आहे."

"मग मनात घे."

मी मनात घ्यायला लागलो. जे एका माणसाला झालं ते चारशे माणसांना होईल, हे पॅरिसला जाऊन आलेल्याच्या लक्षात आलं नाही आणि न गेलेल्याच्याही नाही.

गुरुवारी संध्याकाळी प्रयोग. गाव लोटलं होतं. बायकांनी फितीरची, म्हणजे तुपातल्या रोट्यांची, ताटं फडक्यात बांधून आणलेली, पुरुषांच्या खिशात भाजलेल्या खरबुजाच्या बिया, तान्ही मुलं हातोहात पुढे सरकवलेली. पहिल्या रांगेत हाजी अब्दुलबारी. त्यांच्या झग्याच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं. सकाळी त्यांनी माणसं सांगून ठेवली होती, शुक्रवारच्या नमाजानंतर पोती आणायची.

कमिटीत तिघं. डॉक्टर वजदी पॅरिसला शिकलेले, प्राध्यापक अदली बर्लिनला शिकलेले, दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची, कारण ते एकमेकांशी बोलत नव्हते. तिसरे शुक्री एफंदी. ते कुठेच शिकलेले नव्हते, शिक्का त्यांच्याकडे होता.

पडदा वर गेला. काळी चादर खुर्चीत बसलेली. मुतवल्ली एक पाय ओढत आला. एका न्हाव्याने एवढं एकटं दिसावं, मला खरंच गहिवरून आलं. तो समोर आला, हात वर केले आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम."

चारशे गळ्यांतून एकदम आलं, "व अलैकुमुस्सलाम."

झाकण हाललं. खरं सांगतो, झाकण हाललं.

मुतवल्लीने आ वासला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सवयीने बोटं मोजत होतो. सात झाले. आता त्याने वहीप्रमाणे पुढे जायला हवं होतं, आणि शिकवलेला माणूस, तो गेला.

"कोणी उत्तर देत नाही," मुतवल्ली म्हणाला.

आता हे गावाला लागलं.

"अरे दिलं की," मागून एक जण म्हणाला.

"कानात साबण गेलाय त्याच्या."

"मुतवल्ली, माझ्या पोराचे केस उद्या कापणार आहेस ना? मग ओळख दाखव."

मुतवल्लीला घाम फुटला. त्याने दुसरा सलाम जरा घाईने केला. या वेळी लोकांनी मुद्दाम जोर लावला. तान्ही पोरं रडायला लागली, आणि त्यातूनच मुतवल्लीचा आवाज आला, "विश्व मुकं आहे."

"विश्व गेलं खड्ड्यात, आम्ही बोलतोय ना."

खड्डा म्हटल्यावर दोन-चार जणांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

रऊफ विंगेतून धावत आला. स्वेटर ओला, पाइप उलटा. "बंधूंनो, कृपा करून उत्तर देऊ नका. हा माणूस एकटा आहे."

"एकटा?" हाजी अब्दुलबारी उठले. "उस्ताद, चारशे माणसं बसलीत. त्याची बायको चौथ्या रांगेत बसलीय."

"तो आतून एकटा आहे."

"असेल. पण सलाम बाहेर आलाय. आता तो घेतला नाही तर पापाचं ओझं आमच्या मानेवर. तुझ्या नाटकासाठी चारशे माणसांनी मान वाकडी करायची का?"

सगळीकडून माना डोलल्या. रऊफकडे बघवत नव्हतं. पॅरिसमध्ये यावर काहीच शिकवलं नव्हतं. तेवढ्यात त्याला लहानपणी मशिदीत ऐकलेलं काहीतरी आठवलं असावं, कारण तो सावकाश म्हणाला, "हाजी, गर्दीतल्या एकाने घेतला तर सगळ्यांच्या वतीने चालतो ना?"

"चालतो. एकाने घेतला की बाकीचे मोकळे."

"मग एकानेच घ्या. हळू आवाजात. बाकीच्यांनी गप्प बसा."

हा तोडगा सगळ्यांना पटला. फक्त तो एक कोण, यावर पाव तास गेला. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, आवाज माझा. खाटीक म्हणाला, मुतवल्ली माझा शेजारी. शेवटी वय आणि पहिली रांग बघून हाजी अब्दुलबारींचं नाव ठरलं. ज्या माणसाने नाट्यगृहात कांदे भरायचे ठरवले होते, तो माणूस चारशे साक्षीदारांसमोर विश्व झाला.

तिकडे प्राध्यापक अदली खुर्चीच्या टोकाला आले होते. "प्रेक्षक आणि नट यांच्यामधली भिंत पाडली," ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "हा शुद्ध जर्मन प्रकार."

"नाटक फ्रेंच आहे," डॉक्टर वजदींनी त्याच खुर्चीला सांगितलं. "आणि फसलंय. शांतताच नाही."

नाटक पुन्हा सुरू झालं. मुतवल्लीने तिसरा सलाम केला. हाजी उभे राहिले, पगडी नीट केली. सलाम घेताना आलेल्यापेक्षा थोडा जास्तच परत द्यावा अशी आमची रीत, आणि हाजी रीतीचे पक्के. त्यांनी सलाम घेतला, वर अल्लाची कृपा जोडली, बरकत जोडली, आणि तरी हात हलका वाटला म्हणून म्हणाले, "ये मुतवल्ली, बस. जेवलास का?"

मुतवल्ली तीन आठवडे विश्वाचं मौन सोसत होता. एवढ्या प्रेमाने कुणी विचारल्यावर तो मोडलाच. "नाही, हाजी," तो म्हणाला. "तालमीमुळे दुपारी पण नाही."

पाचव्या रांगेतून फितीरचं ताट निघालं. ते हातांवरून पुढे सरकत, कमिटीच्या डोक्यावरून, माझ्या झाकणावर येऊन थांबलं. मी वर सरकवलं. मुतवल्ली मांडी घालून जेवायला बसला.

"इकडे पण," काळी चादर म्हणाली.

सभागृहात एक सुस्कारा फिरला. शून्यता बोलली होती.

"खाला," रऊफ विंगेतून कळवळला.

"काय खाला? दुपारपासून उपाशी बसवलंय. पॅरिसची शून्यता जेवत नसेल, आमची जेवते." चादरीतून एक हात आला आणि ताटातला मोठा तुकडा घेऊन गेला. "आणि हाजी, तुम्ही विश्व झालात ते ठीक. माझ्या भाचीच्या लग्नात सकाळी येतो म्हणालात आणि आलाच नाहीत, त्याचं काय?"

"आजारी होतो, तहिय्या."

"विश्व आजारी होतं म्हणे," ती चादरीतून चावत चावत म्हणाली.

लोक इतके हसले की बियांची टरफलं माझ्या खड्ड्यात पावसासारखी पडली. मी वही उघडली. पुढचं वाक्य होतं: 'तो उत्तराविना कोसळतो आणि मरतो.' आता हा कसा मरणार? पोट भरलेलं, मिशीला तूप, बायको चौथ्या रांगेतून हात हलवतेय. शुक्री एफंदींनी बॅग उघडून शिक्क्याची डबी मांडीवर घेतली होती, आणि डॉक्टर वजदी त्यांच्या कानात काहीतरी सांगत मान नकारार्थी हलवत होते. शुक्री एफंदींनी डबी परत बॅगेत ठेवली. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तळापासून वर बघणाऱ्याला अशा गोष्टी नीट दिसतात.

मुतवल्लीने ताट बाजूला केलं, उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलं. वाक्य हरवलेल्या नटाची नजर मी हजार वेळा बघितली आहे. त्याला एक वाक्य हवं होतं, आणि वहीत ते नव्हतं.

मी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता पुरवलं. अगदी हळू.

मुतवल्लीने ते ऐकलं. त्याने तोंड पुसलं, पुढे आला आणि थेट पहिल्या रांगेकडे बघून म्हणाला, "हाजी, उद्या इथे कांदे भरले, की मी सलाम कुणाला करू?"

आणि मग ती आली. शांतता.

मी बोटं वर केली. एक. दोन. कुणाच्या तरी दातांत बी होती, ती त्याने चावली नाही. तीन. चार. तान्ह्या पोरांनाही काय कळलं कुणास ठाऊक. पाच. चादरीखाली तहिय्याखाला चावायची थांबली. सहा. सात. माझ्या दोन हातांची बोटं संपली तरी हाजी बोलले नाहीत. उभेच होते. विश्वाला प्रश्न विचारला होता आणि विश्वाकडे उत्तर नव्हतं. विंगेत रऊफ पाइप छातीशी धरून रडत होता.

शेवटी हाजींचा हात खिशात गेला. त्यांनी मोजपट्टी काढली, तिच्याकडे बघितलं आणि शेजारच्या खाटकाच्या हातात दिली.

"कांदा तसाही उघड्यावर वाळतो," ते म्हणाले. "वरून ताडपत्री टाकली की झालं." मग लक्षात आलं की विश्वाच्या तोंडी हे जरा कोरडं झालं, म्हणून वर जोडलं, "तू सलाम करत जा, मुतवल्ली. मी येत जाईन."

त्यानंतर पडदा पडला की नाही ते मला आठवत नाही. लोक रंगमंचावरच चढले होते.

पण कागद कैरोचा होता, ताडपत्री टाकून तो झाकला जाणार नव्हता. दोघे विद्वान मधल्या वाटेतच अडले होते.

"ती शेवटची शांतता," डॉक्टर वजदी चष्मा पुसत म्हणाले. "अशी शांतता मी पॅरिसमध्ये पण ऐकली नाही. तेवढी फ्रेंच होती."

"ती जर्मन प्रश्नामुळे आली," प्राध्यापक अदली म्हणाले. पण आता ते खुर्चीशी बोलत नव्हते, एकमेकांशी बोलत होते. गावात हा दुसरा चमत्कार.

शुक्री एफंदी या सगळ्याला वळसा घालून माझ्या खड्ड्यापाशी आले आणि गुडघ्यावर बसले. "वही," ते म्हणाले.

त्यांचं काम साधं असतं. रंगमंचावर जे बोललं गेलं ते वहीत आहे का बघायचं. वहीत नसलेलं बोललं गेलं तर शिक्का नाही. मी वही दिली. जेवणाचं बोलणं त्यांनी नाटकात धरलं नसावं, ते पानं उलटत थेट शेवटच्या पानावर आले. बोट ठेवलं.

"हे कांद्याचं वाक्य. पेन्सिलीने लिहिलंय."

"हो, एफंदी."

"बाकी सगळं शाईने."

"हो, एफंदी."

"आणि पेन्सिलीचा भुसा अजून पानावर आहे."

विश्वासारखा मी पण गप्प बसलो. त्यांनी पानावर फुंकर मारली. भुसा उडाला. मग डबी उघडली, माझ्या झाकणाचा टेबलासारखा आधार घेतला आणि दोन वेळा शिक्का हाणला. आत बसलेल्या माणसाला तो फार मोठा ऐकू येतो.

निघताना दाराशी ते थांबले. सवयीने, कुणाकडे न बघता म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

आता वतीनेबितीने काही उरलं नव्हतं. चारशे जणांनी घेतला. शुक्री एफंदी तिथेच उभे राहिले. "आमच्या खात्यात," ते म्हणाले, "सकाळी सलाम केला तर मान पण वर करत नाहीत." आणि त्यांनी आणखी एकदा सलाम केला, बघायला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा करणार होते, पण गाडी थांबली होती.

पुढे आम्हाला कैरोला महोत्सवात बोलावलं. तिथे एक पंचाईत झाली. तिथले प्रेक्षक सुशिक्षित. नाटक चालू असताना कुणी तोंड उघडत नाही. रंगीत तालमीला मुतवल्लीने सलाम केला आणि एकानेही घेतला नाही. रऊफचं मूळ नाटक शब्दशः खरं झालं, आणि मुतवल्ली विंगेत येऊन म्हणाला, इथे मी काम करणार नाही, इथली माणसं आजारी आहेत. तेव्हा तार करून हाजी अब्दुलबारींना बोलावून घेतलं. ते पहिल्या रांगेत तिकीट काढून बसतात, वेळ आली की उठतात.

आता कांदा संघ त्यांचा पुतण्या बघतो. हाजींनी एक काळा स्वेटर शिवून घेतलाय, झग्याच्या आत घालतात. आणि रोज तालमीनंतर खड्ड्यात वाकून मला सुनावतात.

"बसयूनी, काल शांतता किती मोजलीस?"

"सात, हाजी."

"सहा. मी मोजत होतो. विश्वाला घाई नसते, कळलं?"